रव्याचा ढोकळा पहिल्यांदा करताना: आधी वाफ, मग ईनो

आपण महाराष्ट्रात ज्याला ढोकळा म्हणतो, तो पिवळा, मऊ, साखरपाण्यात मुरलेला चौकोन गुजराती घरात ‘खमण’ असतो. चण्याची डाळ भिजवून, वाटून केलं तर खमण, बेसनाचं झटपट केलं तर नायलॉन खमण. त्यांची ‘ढोकळां’ म्हणजे तांदूळ आणि डाळ भरडून, ताकात भिजवून, आंबवून वाफवलेले पांढरे आंबट तुकडे. खाटां ढोकळां असंही म्हणतात. सुरतेकडे तेच पीठ पातळ थरात वाफवतात, वर मिरपूड भुरभुरतात आणि त्याला इदडां म्हणतात.

रव्याचा ढोकळा या पांढऱ्या घराण्यातला. भिजवणं नाही, वाटणं नाही, रात्रभर आंबवणं नाही. रवा आणि दही घरात असलं की तासाभरात थाळी समोर येते. म्हणून ज्यांनी आजवर घरी ढोकळा केलाच नाही, त्यांना मी बेसनाच्या आधी रव्याचाच करायला सांगते. बेसनाचं मिश्रण चंचल असतं. रवा बराच समजूतदार आहे.

मी हा पदार्थ घाटकोपरला शेजारच्या गुजराती बांकडे शिकले (गुजरातीत आई-आजीला ‘बा’ म्हणतात). प्रमाणं त्यांनी कधी सांगितली नाहीत, ती मी पुढे वाटीने मोजून बसवली. पण एक गोष्ट त्यांच्या हातून कधी चुकली नाही. मिश्रण थाळीत ओतण्याआधी त्या ढोकळियाचं, म्हणजे ढोकळा वाफवायच्या भांड्याचं, झाकण उचलून बघायच्या. वाफ भळभळून वर आली तरच पुढचं काम. नाहीतर मिश्रण तसंच थांबायचं, घरचे कितीही भुकेले असोत. या लेखात बाकी काही विसरलात तरी चालेल, ही वाफ विसरू नका.

रवा आणि दही

रवा बारीक हवा, रव्याच्या लाडवाला घेतो तो. जाड रवाच घरात असेल तर मिक्सरमध्ये दहा-पंधरा सेकंद फिरवा. पीठ करायचं नाही, दाणा फक्त लहान करायचा. पाकिटावर ‘इडली रवा’ लिहिलं असेल तर तो बाजूला ठेवा. तो तांदळाचा असतो, कोकणातल्या सांदणांना उत्तम, पण या कृतीत तो कचकचीत राहतो आणि तुकडा धरत नाही. आपल्याकडे कीड लागू नये म्हणून रवा भाजून ठेवायची पद्धत आहे. तसा भाजलेला रवाही चालतो, फक्त भिजायला दहा मिनिटं जास्त द्या.

दही आंबट हवं. पांढऱ्या ढोकळ्याची जी चव आहे ती आंबवण्याने येते, आणि इथे आपण आंबवणं वगळतोय, म्हणजे ती जागा दह्यानेच भरायची आहे. काल-परवाचं घरचं दही सगळ्यात चांगलं. थंडीत दही गोड लागतं, तेव्हा विरजलेलं भांडं चार-पाच तास जास्त बाहेर ठेवा, नाहीतर मिश्रणात अर्ध्या लिंबाचा रस घाला. विकतचं घट्ट, मलईदार दही असेल तर ते आधी फेटून थोडं पाणी घालून सैल करा.

एका थाळीचं प्रमाण

आमटीची एकच वाटी घ्या आणि सगळं तिनेच मोजा. माझी वाटी साधारण 200 मिलीची आहे.

बारीक रवा 1 वाटी
आंबट दही 1 वाटी
पाणी अर्धी वाटी, आणि नंतर लागेल तसं दोन-चार चमचे
आलं-हिरवी मिरची वाटून 1 चहाचा चमचा
तेल 1 मोठा चमचा
साखर अर्धा चहाचा चमचा
मीठ पाऊण चहाचा चमचा
ईनो 1 सपाट चहाचा चमचा

इतकं मिश्रण 8 इंची, म्हणजे 20 सेंटिमीटरच्या, उभ्या काठाच्या थाळीत बरोबर बसतं आणि तीन-चार जणांचा नाश्ता होतो. मीठ हात राखून घाला, कारण ईनोतही सोडियम असतं आणि त्याची खारट चव शेवटी वर येते. जैन पाहुणे येणार असतील तर आलं काढून नुसती मिरची वापरा, चवीत फार उणीव येत नाही. हळद घालायची नाही. हा ढोकळा पांढराच असतो.

तेल मिश्रणातच घालायचं आहे, हे बरेच जण विसरतात. त्याने तुकडा घशात अडकत नाही.

वाफेची सोय

ढोकळियुं म्हणजे थाळ्या एकावर एक बसतात असं उंच भांडं. ते विकत घ्यायची पहिल्या वेळी काही गरज नाही. मोदकपात्र असेल आणि त्यात थाळी मावत असेल तर काम झालं. नसेल तर मोठ्या कढईत किंवा पातेल्यात तिवई ठेवा, तिच्या वर थाळी. कुकर वापरायचा तर शिट्टी काढून ठेवा आणि त्याच्या डब्यांत मिश्रण वाटून घाला. एका डब्यात भरगच्च ओतलंत तर मध्यभाग कच्चा राहतो. मिश्रणाची उंची दीड सेंटिमीटरच्या आसपास असावी, ते फुगून जवळपास दीडपट होतं.

अगदीच धाकधूक वाटत असेल तर इडलीपात्रात करा. आकार इडलीचा येईल, चव ढोकळ्याचीच राहील, आणि लहान साच्यामुळे आतून कच्चं राहण्याची भीती जवळपास संपते. दहा मिनिटांत होतात.

पाणी इतकं घाला की उकळल्यावर थाळीच्या बुडाला लागणार नाही, पण वीस मिनिटं आटणारही नाही. दोन-अडीच पेले पुरतात. तळाशी एक स्टीलची लहान वाटी उपडी टाका. पाणी आहे तोवर ती खडखड वाजत राहते, आवाज थांबला की पाणी संपत आलं. झाकणाला सुती फडकं बांधा आणि त्याची टोकं वर घेऊन मुठीपाशी गाठ मारा, खाली लोंबली तर आचेवर पेट घेतील. हे फडकं झाकणावर जमलेलं पाणी शोषून घेतं. ते नसलं की थेंब टपटप पडतात आणि ढोकळ्याच्या पाठीवर ओले खड्डे उमटतात.

रव्याला पाणी पिऊ द्या

रवा, दही, पाणी, मीठ, साखर, आलं-मिरची, तेल हे सगळं एका पातेल्यात घालून गुठळी राहणार नाही असं ढवळा आणि झाकून वीस मिनिटं ठेवा. घाई इथे करू नका. रव्याचा दाणा कोरडा राहिला तर तो थाळीत बसल्या बसल्या पाणी ओढतो, आणि ढोकळा फुललेला दिसला तरी खाताना कोरडा, भुसभुशीत लागतो.

वीस मिनिटांनी झाकण काढाल तेव्हा मिश्रण शिऱ्यासारखं घट्ट झालेलं असेल. घाबरू नका, ते तसंच व्हायला हवं. आता चमच्या-चमच्याने पाणी घालून इडलीच्या पिठाइतकं सैल करा. पळीतून ओतलं तर सलग, जाड धार पडायला हवी. तुकडे-तुकडे पडत असेल तर घट्ट आहे, पाण्यासारखं वाहत असेल तर पातळ. पातळ झालं तर चमचाभर रवा घालून पुन्हा दहा मिनिटं थांबा. किती चमचे पाणी लागेल ते रव्यावर आणि दह्यावर ठरतं, म्हणून इथे आकड्यापेक्षा धारेकडे बघा.

ही वीस मिनिटं चालू असतानाच वाफेचं पाणी गॅसवर चढवा आणि थाळीला तेल लावून ठेवा. काठालासुद्धा लावा. उकळी फुटल्यावर रिकामी थाळी दोन मिनिटं आत ठेवून गरम केली तर आणखी चांगलं.

ईनो

ईनोत मुख्यतः खाण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्ल कोरड्या भुकटीच्या रूपात एकत्र असतात. पाणी लागलं की त्या क्षणी दोघांची गाठ पडते आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटायला लागतात. मिश्रण तुमच्या डोळ्यांसमोर फुगतं. पण हे बुडबुडे कुणी अडवून ठेवलेले नसतात. दोन-तीन मिनिटांत ते वर येऊन फुटायला लागतात. त्यांच्याभोवतीचा रवा वाफेने शिजून घट्ट झाला, तरच ती जाळी तशीच राहते. म्हणून वाफ आधी तयार हवी. पाणी अजून कोमट असताना ईनो घातला तर पाणी उकळेपर्यंत बुडबुडे निघून जातात आणि थाळीत रव्याची चपटी वडी उरते. माझी पहिली थाळी अशीच गेली. ईनो घातल्यावर मी थाळीला तेल लावायला घेतलं होतं.

तेव्हा क्रम असा ठेवा. वाफ भरपूर येतेय हे बघा. थाळी तयार आहे हे बघा. मग मिश्रणावर ईनो पसरा, त्याच्यावर दोन चमचे पाणी शिंपडा, आणि हलक्या हाताने पंधरा-वीस सेकंद फिरवा, कुठे पांढरी भुकटी दिसेनाशी होईपर्यंत. जोराने फेटू नका. लगेच थाळीत ओता, वरून लाल तिखट किंवा जाडसर मिरपूड भुरभुरवा, आत ठेवा, झाकण घाला. हे सगळं एका मिनिटाच्या आत व्हायला हवं.

ईनो साधा किंवा लिंबाच्या स्वादाचा घ्या, संत्र्याचा वगैरे नको. पुडी जुनी असेल तर चिमूटभर पाण्यात टाकून बघा. जोमाने फसफसला तरच वापरा. पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली हवेतली ओल पिऊन निर्जीव होते आणि दोष मात्र रव्यावर येतो.

ईनो नसेल तर अर्धा सपाट चहाचा चमचा खाण्याचा सोडा आणि एक मोठा चमचा लिंबाचा रस. सोड्याला स्वतःचं आम्ल नसतं, ते दह्या-लिंबातूनच मिळावं लागतं. सोडा जास्त झाला आणि आंबट कमी पडलं की ढोकळ्याला साबणासारखी चव येते.

वाफवणं आणि कापणं

आच मध्यमपेक्षा जरा मोठी. पहिली दहा मिनिटं झाकणाला हात लावू नका. बाराव्या मिनिटाला मध्यभागी सुरी खुपसून बघा. कोरडी निघाली तर झालं, मिश्रण चिकटलं तर आणखी तीन मिनिटं. बहुतेक वेळा पंधरा मिनिटांच्या आत होतो. गरज नसताना वीस-पंचवीस मिनिटं ठेवला तर चिवट होतो.

थाळी बाहेर काढून पाच-सात मिनिटं राहू द्या. गरमागरम कापायला गेलात तर सुरीला लगदा येतो आणि कच्चा राहिला असं वाटतं. सुरीला तेल लावून चौकोन किंवा शंकरपाळ्यासारखे तुकडे पाडा.

वघार

आपली फोडणी म्हणजे त्यांचा वघार. दोन मोठे चमचे तेल चांगलं तापवा, मोहरी पूर्ण तडतडू द्या, मग हिंग, एक चमचा पांढरे तीळ, कढीपत्ता, उभी चिरलेली मिरची. तीळ उडतात, झाकण हाताशी ठेवा. तीळ गुलाबी होताच गॅस बंद करून चमच्याने सगळ्या तुकड्यांवर सारखं पसरवा, वर कोथिंबीर. खोबरं घालायचं का? आपल्याकडे हात आपोआप ओल्या नारळाकडे जातो, आणि चांगलंही लागतं. पण पहिल्यांदा त्याशिवाय खाऊन बघा.

एक गोष्ट ठासून सांगते. खमणावर फोडणीत साखरपाणी घालून ओततात, तसं इथे करू नका. बेसनाचं खमण ते पाणी पिऊन रसरशीत होतं. रव्याचा ढोकळा मुळातच ओलसर असतो, त्यावर पाणी पडलं की खालचा थर चिखल होतो.

बा पहिली थाळी फोडणीशिवायच वाढायच्या. गरम ढोकळ्यावर कच्चं शेंगदाण्याचं तेल आणि बाजूला लसणाची लाल चटणी. सौराष्ट्राकडे अनेक घरांत गरम ढोकळां असंच खातात. घाण्याचं शेंगतेल मिळालं तर एकदा जरूर करा, फोडणीपेक्षा वेगळीच गोडी लागते.

हिरव्या चटणीला मूठभर कोथिंबीर, दोन-तीन मिरच्या, दोन चमचे भाजलेले शेंगदाणे, आल्याचा तुकडा, लिंबू, साखर, मीठ. थोडी शेव टाकून वाटली तर चटणी दाट होते आणि तिला पाणी सुटत नाही.

बिघडलंच तर

चपटा झाला: ईनो मेलेला होता, किंवा वाफ तयार नव्हती, किंवा ईनो घालून मिश्रण थांबलं. कारण या तीनांतच सापडतं.

फुगला आणि झाकण उघडताच मध्ये बसला, तर मिश्रण पातळ होतं किंवा झाकण वेळेआधी उघडलं. वरून ओला पण आतून ठीक असेल तर फडकं बांधायचं राहिलं. चुरा होत असेल तर रवा पुरेसा भिजला नाही. गिळताना घशात बसत असेल तर तेल विसरलात किंवा मिश्रण घट्ट होतं.

चपटा ढोकळा फेकून देऊ नका. बारीक तुकडे करून मोहरी-तिळाच्या फोडणीत कडा कुरकुरीत होईपर्यंत परता. उरलेल्या चांगल्या ढोकळ्याचंही दुसऱ्या दिवशी हेच करतात. फ्रिजमधून काढलेला रवा-ढोकळा कडक लागतो, त्याला पुन्हा तीन-चार मिनिटं वाफ दिली की सावरतो.

हात बसल्यावर: सँडविच ढोकळा

मिश्रण दुप्पट करा आणि त्याचे दोन भाग वेगवेगळ्या पातेल्यांत ठेवा. ईनो एकदम सगळ्यात घालायचा नाही, इथेच नवशिके फसतात. पहिल्या भागात ईनो घालून थाळीत ओता, सहा मिनिटं वाफवा. तो पृष्ठभागावर घट्ट झाला की तीन-चार चमचे हिरवी चटणी पातळ पसरा. चटणी घट्ट हवी, सैल असेल तर थर एकमेकांवरून घसरतात. मग दुसऱ्या भागात ईनो घालून अलगद वरून ओता आणि बारा ते पंधरा मिनिटं वाफवा. यासाठी थाळीचा काठ दोन इंचांचा तरी हवा.

रवा घालून दुधीची मुठिया

यात ईनोची धावपळ नाही, म्हणून काही जणांना हीच आधी जमतात. आपल्याकडे मेथीची मुटकुळी करतात, त्यांची ही जवळची नातेवाईक. मुठीत दाबून वळतात म्हणून मुठिया.

दोन वाट्या किसलेल्या दुधीला मीठ चोळून दहा मिनिटं ठेवा. तिला पाणी सुटेल, ते फेकू नका, पीठ त्याच पाण्यात भिजवायचं आहे. त्यात एक वाटी जाडसर कणीक, अर्धी वाटी बारीक रवा, पाव वाटी बेसन, आलं-मिरची, हळद, धणेपूड, ओवा, तीळ, एक चमचा साखर, अर्ध्या लिंबाचा रस, दोन मोठे चमचे तेल आणि चिमूटभर सोडा घाला. आधी पाण्याशिवाय मळून बघा. दुधी कोवळी असेल तर वरून थेंबही लागत नाही. हाताला किंचित चिकटणारा मऊ गोळा व्हायला हवा. घट्ट मळलंत तर मुठिया दगडासारखी होतात, इतकी साधी चूक आणि तीच सगळ्यात जास्त होते. दहा मिनिटं झाकून ठेवा, म्हणजे रवा फुलेल.

तेलाच्या हाताने लांबट वळकट्या करा, अंगठ्यापेक्षा थोड्या जाड. तेल लावलेल्या चाळणीवर सुटसुटीत ठेवून वीस मिनिटं वाफवा. सुरी कोरडी निघाली की बाहेर काढा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम कापली तर तुटतात, गार झाल्यावर अर्ध्या इंचाचे गोल सुरेख पडतात. मोहरी, तीळ, हिंग, कढीपत्त्याच्या फोडणीत मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी तांबूस होईपर्यंत परता, पण सारखी ढवळू नका, कडा धरायला वेळ द्या. दुपारच्या चहाला अर्धी संपतात. उरलेल्या वळकट्या न कापता डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यासाठी फक्त कापायच्या आणि परतायच्या.